एर्लेनएकचा बंद दरवाजा

जर्मनीत लुडविग्सहाफेनला आल्यापासून शुभदा आठल्ये हळूहळू बोलायची बंद झाली. हे कुणाच्या पटकन लक्षात आलं नाही, कारण घरात ती बोलत होती. नवऱ्याशी बोलत होती, नऊ वर्षांच्या अन्वीला रागवत होती, पुण्याला मैत्रिणींना फोन करत होती. पण दाराबाहेर पाऊल पडलं की दोन-तीन शब्दांपलीकडे तिच्या तोंडून काही निघत नसे. हॅलो, डांके म्हणजे आभार, आणि समोरच्याने काहीही विचारलं की 'जा, जा'. जर्मन माणूस हो म्हणायला 'जा' म्हणतो. पहिल्यांदा ऐकताना मराठी माणसाला कुणीतरी हाकलतंय असंच वाटतं. शुभदाला तर ते वर्षभर वाटत राहिलं.

पुण्यात हीच शुभदा एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात होती. दिवसभर कानाला हेडफोन आणि पलीकडे चिडलेली, रडवेली, कधी शिव्या देणारी माणसं. ती आवाज न चढवता एकेकाला शांत करायची. नवीन मुलींना शिकवायची, की समोरचा कितीही गोंधळ घालत असला तरी आपण एका वेळी एकच गोष्ट विचारायची. हृषिकेशला इथल्या रासायनिक कारखान्यात नोकरी लागली तेव्हा नोकरी सोडताना तिला वाईट वाटलं होतं, पण भीती वाटली नव्हती. भाषा काय, शिकू, असं ती सगळ्यांना सांगून आली होती.

क्लासमध्ये ती खरोखरच हुशार होती. लिहायला सांगा, व्याकरण विचारा, सगळं यायचं. पण फोन वाजला की ती तो नुसता वाजू द्यायची. समोर माणूस असला तर निदान चेहरा दिसतो, हातवारे करता येतात. फोनवर नुसता धबधबा. दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्यायची होती तेव्हा तिने दोन दिवस टाळाटाळ केली आणि शेवटी अन्वीला घ्यायला लावली. अन्वीने सोफ्यावर पाय हलवत फोन केला, वेळ ठरवली, 'आल्झो, बिस डान', बरं, भेटू मग, म्हणून ठेवून दिला आणि आईकडे बघून जर्मनमध्येच विचारलं, "तू का नाही बोलत?" शुभदाने पोळ्यांकडे वळून गॅस उगाचच मोठा केला. त्यानंतर घरमालकाचा फोन, शाळेचा फोन, पार्सलवाल्याचा फोन, सगळे अन्वीच घ्यायला लागली.

याच दिवसांत तिला किल्ल्यांचा नाद लागला. या भागात टेकडी दिसली की तिच्यावर एखादी पडकी बुर्ग असतेच. बुर्ग म्हणजे किल्ला. महिन्याचा पास होता, तेव्हा अन्वी शाळेत गेली की शुभदा डबा घ्यायची, लोकल ट्रेन पकडायची आणि कुठल्या तरी टेकडीवर चढायची. तिकिटाच्या खिडकीशी एक बोट वर केलं की काम भागायचं. पुढे कुणी काही विचारत नसे. दगडांना उत्तर द्यावं लागत नाही, असं ती सुमेधाला, म्हणजे तिच्या जुन्या ऑफिसमधल्या वरिष्ठ बाईंना, हसत म्हणाली होती. पण तिथली एकूण एक पाटी ती उभी राहून वाचायची. मुख्य बुरुजाला बेर्गफ्रीड म्हणतात, पाण्याच्या टाक्याला त्सिस्टर्न, 'आब्श्टुर्त्सगेफार' म्हणजे इथून पडाल. हे सगळं तिला पाठ झालं होतं, फक्त ते कधी तोंडातून बाहेर पडलं नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये तिच्या सासूबाई, मालिनीबाई, तीन महिन्यांसाठी आल्या. सत्तरीला टेकलेल्या, अंगाने बारीक, बोलायला मोजक्या. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू. सासू-सुनेचं भांडण असं कधी झालं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. मालिनीबाई सगळं बघत राहायच्या. सुपरमार्केटमध्ये, ट्रॅममध्ये, अन्वीच्या शाळेच्या दारात. शुभदाला ती नजर पाठीवर जाणवायची आणि ती आणखी आक्रसून जायची. त्यातून एक गोष्ट तिने घरात कुणालाच सांगितली नव्हती. सुमेधाने विचारलं होतं, परत येतेस का, जागा आहे. आणि शुभदाने मनात जवळजवळ ठरवलं होतं की जानेवारीत सासूबाईंना सोडायला म्हणून पुण्याला जायचं आणि अन्वीच्या सुट्टीत तिलाही बोलावून घ्यायचं. पुढचं पुढे.

त्या रविवारी हृषिकेशची कारखान्यात ड्यूटी होती आणि अन्वी तिच्या वर्गातल्या मैत्रिणीकडे वाढदिवसाला गेली होती. सकाळी चहा पिताना मालिनीबाई म्हणाल्या, "तू एकटी जिथे जातेस, तिथे मला ने." हृषिकेशने जाता जाता बजावलं होतं, की न्यायचंच असेल तर आईला हायडेलबर्गच्या किल्ल्यावर ने, तिथे वरपर्यंत गाडी जाते, उगाच कुठल्या जंगलातल्या पडक्या किल्ल्यावर चढवू नकोस. शुभदाने ते सांगितलंही. पण मालिनीबाईंना गर्दी नको होती. त्यांना सुनेचा किल्ला बघायचा होता. मग शुभदाने एर्लेनएक निवडला. नॉयश्टाटच्या पुढे, द्राक्षांच्या मळ्यांवरच्या जंगलात. लहान होता, बसस्टॉपपासून चढही बेताचा होता, आणि स्वतः ती तिथे उन्हाळ्यात जाऊन आली होती.

त्याच पहाटे देशभरातली घड्याळं तासभर मागे गेली होती. शुभदाला ते माहीत होतं, एक तास जास्त मिळाला म्हणून तिला बरंही वाटलं होतं. त्या हिशेबाने अंधारही तासभर आधी पडणार, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

किल्ल्याच्या दाराशी लाकडी टपरीत हिरवं जाकीट घातलेला एक म्हातारा बसला होता. हा किल्ला गावातलं मंडळच सांभाळायचं, तो त्यांच्यापैकीच एक. शुभदाने दोन बोटं वर केली. त्याने तिकिटं दिली, मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि बरंच काही सांगितलं. त्याची बोली इतकी घट्ट होती की शुभदाला त्यातला एकही शब्द वेगळा काढता आला नाही. ती हसली आणि म्हणाली, "जा, जा." त्याने समाधानाने मान हलवली.

आत माणसं थोडीच होती. वाटभर चेस्टनटची काटेरी बोंडं आणि ओली पानं पडलेली. मालिनीबाई अगदी सावकाश, प्रत्येक भिंतीला हात लावत चालत होत्या. मागच्या तटाशी, उन्हाची तिरीप येत होती तिथे, दोघींनी बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. मालिनीबाईंनी पाटीवर काय लिहिलंय ते विचारलं आणि शुभदाने कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने सांगायला सुरुवात केली. वेढा पडला की पाणी कसं पुरवायचे, स्वयंपाकघर कुठे होतं, बेर्गफ्रीडचं मूळ दार जमिनीपासून इतकं उंचावर का होतं. बोलता बोलता लांबून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी काहीतरी दुरुस्त करत असेल असं तिला वाटलं.

मग मालिनीबाई म्हणाल्या, बुरुजात थोडं तरी चढून बघू. शुभदा नको म्हणाली, पण त्या आत शिरल्याही होत्या. पहिल्या झरोक्यापर्यंत गेल्या, खालचे पिवळे मळे बघितले आणि परतल्या. शुभदा त्यांच्या मागे होती. शेवटच्या वळणावर दगडी पायरीवर ओली पानं वाऱ्याने आत येऊन चिकटली होती. मालिनीबाईंचा पाय सटकला. शुभदाने धरायला हात पुढे केला तेव्हा तिच्या मुठीत फक्त शालीचं टोक आलं.

त्या ओरडल्या नाहीत. खाली दगडावर बसल्यासारख्या पडल्या होत्या, उजवं पाऊल भलत्याच बाजूला वळलं होतं आणि नडगीवर पायरीच्या धारेने लांब चीर पडली होती. रक्त बघून शुभदाला आधी ती गोळी आठवली. तिने शाल घडी करून जखमेवर दाबली, वरून स्वतःची ओढणी करकचून बांधली. शालीचा तो भाग बघता बघता काळपट झाला.

"आई, हलू नका. मी माणसाला घेऊन येते," म्हणून ती धावली.

चौकात कुणी नव्हतं. टपरीची झडप खाली होती. आणि दरवाजा, तो लोखंडी गजांचा उंच दरवाजा, बाहेरून साखळी घालून कुलूपबंद होता. शुभदाने तो दोन्ही हातांनी गदागदा हलवला. हाका मारल्या, आधी मराठीत, मग 'हॅलो, हॅलो' करून. खालच्या जंगलातून काहीच परत आलं नाही. दरवाजाच्या गजांमधून एक नवीन कागद वाऱ्यावर फडफडताना दिसला. पाठीमागून उलट अक्षरं वाचायला तिला वेळ लागला. आज हंगाम संपतो, शेवटच्या दिवशी किल्ला चार वाजता बंद. तो म्हातारा घड्याळावर बोट ठेवून हेच सांगत होता आणि तिने त्याला हो म्हटलं होतं.

फोनला रेंज नव्हती. तिने तटावर चढून बघितलं, टपरीच्या मागे जाऊन बघितलं. सूर्य टेकडीआड गेला होता आणि झाडांखाली आधीच अंधारून आलं होतं. ती परत बुरुजात आली, अंगातलं जाकीट काढून सासूबाईंच्या खांद्यावर घातलं आणि जखमेवर दोन्ही तळवे दाबून बसली.

"दार लावलंय," मालिनीबाई म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"हो. माझी चूक झाली. तो सांगत होता, मला कळलं नाही आणि मी मान हलवली."

मालिनीबाईंनी जाकीट गळ्याशी ओढून घेतलं. थंडीने त्यांचे दात वाजत होते. मग त्यांनी एकदम विचारलं, "तू जानेवारीत माझ्याबरोबर कायमची परत यायचं म्हणतेस ना?"

शुभदाचे हात जखमेवरच थिजले. बाल्कनीतलं सुमेधाशी झालेलं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आठवडाभरापूर्वीच. हृषिकेशला त्या काही बोलल्या नव्हत्या. शुभदाला वाटलं आता या अंधारात, या अवस्थेत, आपल्याला सगळं ऐकून घ्यावं लागणार. पण मालिनीबाई थांबत थांबत दुसरंच सांगायला लागल्या. लग्न झाल्यावर त्या भिलाईला गेल्या होत्या. त्यांचा नवरा, म्हणजे हृषिकेशचे वडील, तिथे पोलाद कारखान्यात. शेजारी सगळे परके, हिंदी धड येत नाही, दिवसभर खोलीत एकट्या. हृषिकेश पोटात असताना त्या पुण्याला आल्या त्या परत गेल्याच नाहीत. नवरा पुढची सगळी वर्षं सुट्टीपुरता घरी यायचा. लोकांनी नावं ठेवली, पण त्यांना त्याचा पस्तावा कधी झाला नाही.

"म्हणून तुला अडवायचा मला हक्क नाही," त्या म्हणाल्या. "यायचं तर ये. कंटाळून ये, नवऱ्यावर चिडून ये, माझी ना नाही. पण घाबरून येऊ नकोस. मी घाबरून आले होते. मग पुढे कुठेच गेले नाही."

त्यांचा शेवटचा शब्द जड झाल्यासारखा वाटला. शुभदाने हाक मारली. त्यांनी हुंकार दिला, पण उशिरा. शालीखालचा दगडही आता ओला लागत होता.

शुभदाने त्यांचेच हात घेऊन जखमेवर ठेवले, जमेल तितकं दाबून धरा म्हणाली, आणि फोनचा दिवा लावून बुरुज चढायला लागली. दगडी पायऱ्या संपल्यावर शिडीसारखा लाकडी जिना होता, तो वाऱ्याने करकरत होता. अगदी माथ्यावर पोचल्यावर वाऱ्याने तिचा श्वासच अडवला. खाली लांब मळ्यांपलीकडे गावाचे दिवे लागले होते. फोनवर रेंजची एक काडी आली, गेली, परत आली.

तिने आधी हृषिकेशला लावला. फोन बंद. कारखान्याच्या त्या भागात फोन आत नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये असणार हे तिला माहीत होतं. मग तिचं बोट अन्वीच्या मैत्रिणीच्या आईच्या नंबरवर गेलं. तिथे अन्वी होती. अन्वीला फोनवर घ्यायचं, तिला सांगायचं, ती अस्खलित बोलेल, दोन मिनिटांत सगळं होईल. शुभदाचं बोट त्या नावावर टेकलेलंच होतं. मग तिच्या डोळ्यांसमोर वाढदिवसाच्या टोप्या घातलेल्या मुलींच्या घोळक्यात फोन कानाला लावून उभी असलेली पोर आली. तिला आजीचं रक्त वाहतंय हे सांगायचं, आणि ते तिनेच पुढे परक्या माणसांना सांगायचं. शुभदाने बोट उचललं आणि तातडीच्या मदतीचा नंबर, एकशे बारा, दाबला.

पलीकडे बाईचा आवाज होता, चटपटीत, भरभर. शुभदाला कळलं फक्त 'वो', कुठे. तिने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. बाईने पुन्हा विचारलं. वर्गात घोटलेली सगळी वाक्यं कुठच्या कुठे गेली होती. वाऱ्यात ती नुसती श्वास घेत उभी होती. बाई आता हॅलो, हॅलो करत होती, ती फोन ठेवेल अशी शुभदाला धास्ती वाटली. आणि मग तिला जाणवलं, की अशी गप्प झालेली माणसं आपण शेकड्यांनी ऐकली आहेत. फोनच्या त्या बाजूला आपण होतो तेव्हा आपल्याला त्यांच्याकडून काय हवं असायचं? छान वाक्यं कधीच नको असायची. एका वेळी एकच गोष्ट हवी असायची.

"बिट्टे लांगझाम," ती म्हणाली. सावकाश, कृपा करून. आणि मग एकेक तुकडा टाकत गेली. "किल्ला एर्लेनएक. दार कुलूप. आम्ही आत. दोन बायका. माझी सासू पडली. पाय मोडला. रक्त, खूप. ती गोळी घेते, रक्त पातळ. थांबत नाही."

बाईचा वेग एकदम उतरला. तिने विचारलं, किल्ल्यात नेमकं कुठे. आणि इथे शुभदा अडखळली नाही. इम बेर्गफ्रीड, उंटन, आन डेर ट्रेपे. बुरुजात, खाली, जिन्यापाशी. डावीकडे त्सिस्टर्न आहे, तिथून समोर. तटाची मागची बाजू नको, तिथे आब्श्टुर्त्सगेफार. बाईने ते शब्द परत उच्चारून नीट घेतले. शुद्धीवर आहे का, श्वास नीट आहे का, वय किती, हे एकेक करून विचारलं. शुभदाने व्याकरणाची पर्वा न करता उत्तरं दिली. शेवटी बाई म्हणाली, माणसं निघाली आहेत, तुम्ही खाली जा आणि जखम दाबून धरा, सोडू नका.

शुभदा खाली उतरली. मालिनीबाईंचे हात जखमेवरून सरकले होते आणि मान भिंतीला टेकली होती. शुभदाने पुन्हा तळवे दाबले, या वेळी सगळं वजन टाकून, आणि त्यांना बोलतं ठेवायला लागली. भिलाईच्या घराला किती खोल्या होत्या, शेजारीण कुठली होती, ती काय शिजवायची. मालिनीबाई एकेका शब्दात उत्तरं देत होत्या. एकदा दिलंच नाही. शुभदाने त्यांचा खांदा हलवला आणि इतक्या मोठ्याने 'आई' म्हटलं की बुरुजात तो आवाज फिरत राहिला. त्यांनी डोळे उघडले आणि तेलुगू होती, म्हणाल्या. शेजारीण.

किती वेळ गेला ते शुभदाला पुढे कधी सांगता आलं नाही. मग झाडांतून निळा उजेड फिरायला लागला, गाडीची घरघर, माणसांचे आवाज, साखळी ओढल्याचा खळखळाट. ती दारात येऊन ओरडली, "हिअर! इम बेर्गफ्रीड!" गावातल्या अग्निशमन दलाची माणसं दिवे घेऊन धावत आली. त्यांच्या मागून धापा टाकत तो हिरव्या जाकिटातला म्हातारा, हातात चाव्यांचा जुडगा घेऊन.

त्यांनी जखम बांधली, पायाला पट्टी लावली, सुई टोचली आणि स्ट्रेचर उचललं. म्हातारा शुभदाशी बोलत राहिला, चेहरा पांढरा पडला होता. तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत असावा, की मी सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणालात. शुभदा त्याच्याकडे वळली. या वेळी ती हसली नाही आणि 'जा' म्हणाली नाही.

"मला कळलं नव्हतं," तिने त्याच्याच भाषेत सांगितलं. "मी हो म्हणायला नको होतं. पण तुम्ही आत फेरी मारून बघायला हवं होतं."

म्हाताऱ्याने जुडगा खिशात घातला. मग त्याने मान खाली घालून, फेरी मारायला हवी होती, असं कबूल केलं आणि स्ट्रेचरपुढे दिवा धरून वाट दाखवायला लागला.

नॉयश्टाटच्या हॉस्पिटलमध्ये टाके घातले, रक्त दिलं, दुसऱ्या दिवशी घोट्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. हृषिकेश धावत आला तो आधी घाबरलेला होता आणि आई शुद्धीवर आहे हे बघितल्यावर भडकला. एवढं सांगून गेलो होतो, असं त्याने सुरू केलं. मालिनीबाईंनी पडल्या पडल्या त्याला थांबवलं. मी हट्टाने गेले, तिने मला परत आणलं, आता यावर घरात बोलायचं नाही, असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. हृषिकेश खुर्चीत बसला आणि बऱ्याच वेळाने त्याने शुभदाचा हात हातात घेतला. तिच्या नखांत अजून रक्त सुकलेलं होतं. तिने त्याच रात्री त्याला सुमेधाचंही सांगून टाकलं. त्याला लागलं ते. पुढचे कितीतरी दिवस तो धड बोलला नाही.

मालिनीबाईंचा मुक्काम वाढला. व्हिसा वाढवून घ्यायला, फिजिओथेरपीला, विमा कंपनीशी वाद घालायला शुभदाच जायची. ती अजूनही चुकायची, लोक अजूनही तिला दोनदा विचारायचे, आणि काही दिवस असे यायचे की घरी येऊन ती थकून नुसती पडून राहायची. वसंतात ती सासूबाईंना घेऊन पुण्याला गेली, सुमेधाला प्रत्यक्ष भेटली आणि सध्या नाही म्हणाली. कायमचं नाही असं मात्र म्हणाली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचार करेन आणि तेव्हा खरंच यावंसं वाटलं तर येईन, असं सांगून ती परत लुडविग्सहाफेनला आली.

त्यानंतर महिन्याभराने हृषिकेशच्या आत्याचा पुण्याहून फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर आत्या शुभदाला समजावायला लागल्या, की अगं, न्हाणीघरात रबराची चटई टाकून घे, म्हाताऱ्या माणसाचा पाय कधी घसरेल सांगता येत नाही, वहिनी बिचारी तुमच्याकडे बाथरूममध्ये पडली ना. शुभदाला क्षणभर काही उमजेना. मग लक्षात आलं. मालिनीबाईंनी सगळ्या नातेवाइकांना हेच सांगितलं होतं. किल्ला नाही, बुरुज नाही, बंद दरवाजा नाही. सुनेला कुणी एक शब्द बोलू नये म्हणून त्यांनी सगळी गोष्ट न्हाणीघरात नेऊन ठेवली होती.

"हो आत्या," शुभदा म्हणाली, "चटई आजच आणते."